सोळा आण्यांपासून अर्ध्या गुंठ्यापर्यंत
पिकाचा अंदाज कसा बदलत गेला, आणि कोरड्या भाद्रपदात त्याचे मोल काय



मघा सरते, पूर्वा लागते. मुगाच्या शेंगा तोडणीला आलेल्या असतात, उडीद काळा पडू लागतो, आणि सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरत असतो. नेमका अशा वेळी पाऊस ओढ देतो. मूग तोडणाऱ्याला ही उघडीप बरी वाटते, कारण शेंग भिजत नाही, खळ्यावर माल लवकर वाळतो. पण त्याच शिवारात बरड रानातले सोयाबीन दुपारी माना टाकते. शेंगा दिसतात, पण हाताने दाबून पाहिल्या तर पोचट लागतात. २०२३ सालचा ऑगस्ट महिना तर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात आपल्या मराठवाड्यात काय झाले, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

अशा वेळी पारावर एकच प्रश्न निघतो. यंदा पीक किती आणे?

प्रश्न जुना आहे. पण त्याचे उत्तर काढायची रीत गेल्या शंभर वर्षांत पार बदलली आहे. ती कशी बदलली हे समजून घेतले, तर आज आपल्या हक्काचे काय चुकते आणि कुठे चुकते, हे ध्यानात येईल. म्हणून आज जरा मागे जाऊ या.

सोळा आणे म्हणजे काय?

जुना रुपया सोळा आण्यांचा. म्हणून भरघोस पिकाला सोळा आणे पीक म्हणायचे. निम्मे आले तर आठ आणे, पाव आले तर चार आणे. पाटील, पटवारी आणि वरचा कामगार शिवारात फिरायचे, बांधावर उभे राहून पीक पाहायचे आणि आकडा सांगायचे. ह्याला नाव पडले नजर अंदाज. काटा नाही, माप नाही, नुसती नजर. त्या नजरेवर सारा ठरायचा, सूट ठरायची, तहकुबी ठरायची.

इंग्रजी अंमलात १८८४ पासून गव्हाचा सरकारी पीक-अंदाज निघू लागला, आणि पुढे इतर पिकांचेही अंदाज निघू लागले. हिशेब असा होता: पेरा किती, चांगल्या वर्षी उतारा किती, आणि यंदाचे पीक किती आणे. पहिल्या दोन गोष्टी कागदावर असायच्या. तिसरी मात्र माणसाच्या डोळ्यावर अवलंबून असायची.

आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. राज्ये बदलली, पण आणेवारी सुटली नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तशी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. बोलण्यात मात्र अजून आपण आणेवारीच म्हणतो.

दुष्काळ आणि एक पत्रक

हा आकडा एवढा महत्त्वाचा का झाला, तर दुष्काळामुळे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे पटापट मेली. त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्यावरून कामे केव्हा काढायची, सूट केव्हा द्यायची, ह्याचे नियम ठरले. नियम झाले खरे, पण ते इंग्रजीत. ज्याच्यासाठी केले त्यालाच ते ठाऊक नव्हते.

१८९६ साली पुन्हा पाऊस गेला. तेव्हा लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी त्या दुष्काळी नियमांचा मराठीत सार काढला, तो छापला आणि गावोगाव वाटला. पीक बुडाले असेल तर साऱ्याच्या सुटीची मागणी करणे हा तुमचा हक्क आहे, घाबरू नका, असे रयतेला सांगितले. मुंबई इलाख्यातल्या रयतेपर्यंत ते पोहोचले. निजामाच्या राज्यात ते नियम लागू नव्हते. पण त्यातला धडा सगळ्यांसाठी आहे. नियम माहीत असला तरच तो उपयोगी पडतो.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, सुकडी आणि मिलो म्हणजे काय ते ती सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. कामे कुठे काढायची, सूट कुठे द्यायची, हे ठरवताना तेव्हाही आणेवारी पाहिली जात होती.

नजर चुकते कुठे?

आता असे पहा. कयाधूच्या काठची काळी जमीन आणि डोंगराकडची बरड जमीन एकाच गावात असते. सडकेवरून जाणाऱ्याला सडकेलगतचे रान दिसते, आतले दिसत नाही. सोयाबीन लांबून हिरवेगार दिसते, पण दाणा भरला की नाही हे शेंग फोडल्याशिवाय कळत नाही. कोरड्या वर्षी तर झाड उभे असते आणि उतारा गेलेला असतो. शिवाय नजरेला भीड असते. गावाला वाटते आकडा कमी पडावा, वरच्याला वाटते फार कमी पडू नये. दोघेही खोटे बोलत नसतील, पण दोघांचे डोळे वेगवेगळे पाहतात.

ह्यावर उपाय एकच, पीक कापून तोलायचे. पण सगळे शिवार कोण तोलणार? मग थोडे तोलायचे, आणि ते थोडे कुठले हे कुणाच्या मर्जीवर ठेवायचे नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे. १९२३ च्या सुमारास बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने भातावर हे करून पाहिले. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागावर आणि भातावर मोठ्या पाहण्या केल्या.

देशभर ही रीत बसवण्यात मात्र दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. एक पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. दुसरे विनायक गोविंद पानसे, कापसाचे जाणकार. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत पानसे यांनी वऱ्हाडात, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, कापसाच्या उताऱ्याची अशी पाहणी केली. सुखात्मे यांनी गव्हावर आणि भातावर केली. पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हाच.

काठावरच्या झाडांची गोष्ट

सुखात्मे यांनी काढलेली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. कापायचा तुकडा किती मोठा घ्यावा, ह्यावर तेव्हा वाद होता. काही जण अगदी लहान गोल तुकडा घेत, काम लवकर उरकते म्हणून. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांत लहान आणि मोठे तुकडे कापून दोन्हींचा उतारा ताडून पाहिला. लहान तुकड्यात उतारा बराच फुगून दिसला!

कारण साधे आहे. दोरीच्या अगदी काठावर जे झाड येते, ते आत की बाहेर? कापणाऱ्याचा हात सहसा त्याला आत घेतो. मुद्दाम नव्हे, सवयीने. तुकडा लहान असला की आतली झाडे थोडी आणि काठावरची जास्त, म्हणून चूक मोठी होते. आणि ही चूक दर वेळी एकाच बाजूला जाते, पीक आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. सरासरी काढली तरी ती जात नाही.

आता हिशेब करून पाहू. तुकडा किती मोठा हे पिकागणिक ठरते. समजायला सोपे जावे म्हणून १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद तुकडा धरू. म्हणजे ५० चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा. हेक्टरात असे २०० तुकडे बसतात. तुकड्यात ५ किलो माल निघाला तर हेक्टरी १० क्विंटल, ४ किलो निघाला तर ८ क्विंटल. एका किलोचा फरक म्हणजे हेक्टरी दोन क्विंटलचा फरक. काठावरची चार झाडे, ओला माल, नीट न लावलेला काटा, ह्यांतून थोडे थोडे करत एक किलो इकडचा तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्याच्या रानातला काटा

आता ह्या गोष्टीला पीक विमा येऊन मिळतो. १९७० च्या दशकात सरकारात विचार चालला होता की पिकाचा विमा उतरवता येईल का. प्रत्येकाच्या शेताचे नुकसान वेगळे मोजणे जमणारे नव्हते. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली मांडले की शेत धरू नका, क्षेत्र धरा. सारख्या हवापाण्याच्या एका भागाची सरासरी काढा आणि ती घटली तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. १९७९ साली ह्या धर्तीवर प्रयोग सुरू झाला, १९८५ साली देशात सर्वंकष पीक विमा योजना आली, आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. नावे बदलली, पाया तोच राहिला.

ह्याचा अर्थ काय? तुमच्या भरपाईचा आकडा तुमच्याच रानात निघेल असे नाही. मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या अर्ध्या गुंठ्यात तो निघतो. उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी ८ क्विंटल आली, तर तूट पाचव्या हिश्श्याची. विमा रक्कम ५०,००० रुपये धरली तर हेक्टरी १०,००० रुपये भरपाई. पण कापणीत तोच माल फुगून १० क्विंटल दिसला, तर मंडळातल्या एकालाही दमडी मिळणार नाही.

मध्यंतरी राज्यात दुसरी वाटही होती. पावसात २१ दिवसांच्या वर खंड पडला आणि उत्पन्न निम्म्याखाली जाईल असे दिसले, तर भरपाईतली २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद होती. २०२३ साली तिची पुष्कळ चर्चा झाली. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला, ही तरतूदही काढली, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली. म्हणून कापणीच्या त्या एका सकाळचे वजन पूर्वीपेक्षा जास्त झाले आहे.

पैसेवारी आणि विमा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्या. पैसेवारी गावाची निघते. सप्टेंबरमध्ये हंगामी, ऑक्टोबरच्या शेवटी सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम. पन्नास पैसे किंवा खाली आली तर सारा, वीज बिल, परीक्षा शुल्क अशा सवलतींचा विचार होतो. दुष्काळ जाहीर करायला मात्र २०१७ पासून राज्याने वेगळ्या कसोट्या घेतल्या: पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल. २०१८ साली ३१ ऑक्टोबरला १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, ते ह्याच रीतीने. उपग्रहाची नजर मोठी आहे, पण शेंगेतला दाणा तोलायला काटाच लागतो.

एवढे मनावर घ्या

१. आपल्या मंडळात कोणत्या गटात, कोणत्या दिवशी कापणी आहे, हे कृषी सहायक किंवा तलाठ्याकडे आधी विचारून ठेवा. रान दुसऱ्याचे असले तरी जा.

२. तुमचे रान निवडले गेले असेल तर प्रयोग होईपर्यंत ते तोडू नका. मूग-उडदाला हे विशेष लागू, कारण शेंग तडकायच्या भीतीने घाई होते. तोडणीला माल आला की लगेच कळवा.

३. तुकड्याची जागा आकड्यांवरून ठरते, डोळ्याने नाही. चांगले किंवा वाईट पीक पाहून जागा बदलू देऊ नका, आणि आपणही तसा हट्ट धरू नका.

४. दोरी ताणलेली हवी, कोपरे काटकोनात हवेत. काठावरच्या झाडाचे बूड आत असेल तरच ते आत धरायचे.

५. काटा आधी रिकामा पाहून घ्या. माल ओला असेल तर वाळल्यावरच्या वजनाची नोंद होते का, ते विचारा.

६. लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय पंच म्हणून सही करू नका. आपल्या वहीत तारीख, गट नंबर आणि वजन टिपून ठेवा.

७. ई-पीक पाहणीत पेरलेलेच पीक नोंदवा. विम्याच्या अर्जात एक आणि सातबारावर दुसरे असे नको.

मंडळी, पाऊस आपल्या हातात नाही. १८९६ साली नव्हता, १९७२ साली नव्हता, आजही नाही. पण पिकाचा आकडा कसा निघतो हे पाहायला उभे राहणे आपल्या हातात आहे. पूर्वीच्या रयतेला बांधावरच्या नजरेपुढे हात जोडावे लागत. तुम्हाला दोरी मोजता येते, काटा वाचता येतो. तेव्हा यंदा कापणीच्या सकाळी घरी थांबू नका. पोराला सोबत घ्या, वही-पेन घ्या, आणि त्या अर्ध्या गुंठ्याच्या काठावर जाऊन उभे राहा.

रामराम.