‘एकच’ आणि ‘एकत्र’: शहरातील खासगी सहशिक्षण-शाळेच्या निवडीची पूर्वपीठिका

मोठ्या शहरात राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबात मुलामुलींच्या माध्यमिक शाळेची निवड हा आता वर्षभर पुरणारा विषय झाला आहे. शुल्क, अंतर, माध्यम, निकाल या साऱ्यांची चर्चा होते. परंतु शाळा मुलामुलींची एकत्र असावी की नाही, आणि ‘एकत्र’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार सहसा ओझरताच होतो. गतवर्षी प्रस्तुत लेखकास आपल्या कन्येसाठी पुणे शहरात पाचवीपासून पुढची शाळा शोधावी लागली, तेव्हा ही उणीव जाणवली. हा प्रश्न घरगुती दिसत असला तरी त्याच्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा एक वाद उभा आहे, आणि त्या वादातील एक भाग विद्वानांनी व शासनाने न सोडविता पालकांवर सोपविला आहे. हे कसे घडले, ते पुणे व मुंबई या दोन शहरांपुरते पाहण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम ‘खासगी’ या शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. मूळ अरबी ‘खास’ या शब्दावरून फारसीच्या द्वारे आलेला हा शब्द मराठेशाहीच्या कागदपत्रांत राजघराण्याच्या वैयक्तिक खर्चाच्या खात्यास लावलेला आढळतो. होळकरांची ‘खासगी’ इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. म्हणजे या शब्दात मूलतः मालकीचा, स्वतःपुरतेपणाचा भाव आहे. परंतु शाळेच्या संदर्भात तो रूढ झाला तो ‘सरकारी नव्हे’ एवढ्याच अर्थाने. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. ती शाळा या दुसऱ्या अर्थाने खासगी होती. तिचा हेतू मात्र सर्वस्वी सार्वजनिक होता. आगरकर लवकरच तिला येऊन मिळाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. याच सुमारास हंटर आयोगाने (१८८२–८३) माध्यमिक शिक्षणातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे व अनुदान देऊन खासगी प्रयत्नांस वाव द्यावा, अशी दिशा दाखविली. आपल्याकडील माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांच्या हाती का राहिले, याचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

मुलींच्या शिक्षणाचा प्रवाह याहून जुना आणि निराळ्या वाटेने आलेला आहे. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. माध्यमिक पातळीवर पुण्यात रानडे, भांडारकर, वामनराव मोडक आदी मंडळींच्या प्रयत्नाने १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले. हेच पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने प्रसिद्धीस आले. म्हणजे एकाच शहरात, एकाच दशकात, मुलांसाठी खासगी माध्यमिक शाळा आणि मुलींसाठी खासगी माध्यमिक शाळा अशा दोन संस्था उभ्या राहिल्या, पण त्या वेगवेगळ्या वास्तूंत व वेगवेगळ्या मंडळींकडून. पुण्याच्या जुन्या पेठांतून शिक्षणाचे हे दोन ओघ कित्येक दशके समांतर वाहत राहिले.

या दोन ओघांनी एकत्र यावे की नाही, हा प्रश्न प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला तो आगरकरांनी. मुलींच्या हायस्कुलातील इंग्रजीप्रधान अभ्यासक्रमावर व तेथील वेळापत्रकावर टिळकांनी १८८७ च्या सुमारास टीका केली होती. मुलींना गृहकृत्यास उपयुक्त असे शिक्षण मिळावे, असा त्या टीकेचा रोख होता. आगरकरांचे मत याच्या अगदी विरुद्ध होते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाल्यावर त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी जे लिहिले, त्यात स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा सिद्धांत निबंधाच्या शीर्षकातच मांडलेला आहे. या सिद्धांताची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यात दोन स्वतंत्र मागण्या आहेत. ‘एकच’ ही अभ्यासक्रमाविषयीची मागणी आहे. ‘एकत्र’ ही सहवासाविषयीची आहे. दोहोंना जोडणारे ‘तेही’ हे पद दुसरी मागणी पहिलीच्या पुढची व अधिक धाडसाची असल्याचे सुचविते. पहिली मान्य करणारा दुसरी नाकारू शकतो, याची आगरकरांस पूर्ण जाणीव असावी असे दिसते. ते स्वतः ज्या न्यू इंग्लिश स्कुलात शिकवीत, ती मुलांचीच शाळा होती, हेही विसरून चालणार नाही.

‘एकच’ या मागणीस अनपेक्षितपणे बळ मिळाले ते परीक्षापद्धतीतून. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ पासून होत होती. १८८३ मध्ये विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांस खुल्या केल्या, तेव्हा हायस्कुलात शिकणाऱ्या मुलीपुढेही तेच साध्य उभे राहिले. परीक्षा एक झाली की अभ्यासक्रम फार काळ दोन राहू शकत नाही. याला सर्वांत मोठा विचारपूर्वक अपवाद केला तो धोंडो केशव कर्वे यांनी. १९१६ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठात मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांच्या जीवनाशी जुळणारे विषय यांवर भर होता. कर्वे यांची भूमिका प्रतिगामी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिला मॅट्रिकपर्यंत पोहोचणेच अशक्य होते, अशा स्त्रीसाठी त्यांनी दुसरे दार उघडले. परंतु त्यांच्या योजनेत ‘एकच’ही नव्हते आणि ‘एकत्र’ही नव्हते, ही गोष्ट खरी.

मग मुलामुलींच्या एकत्र शाळा आल्या कोठून? या प्रश्नाचे उत्तर सिद्धांतापेक्षा नगररचनेत अधिक सापडते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढील दशकांत दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती वसल्या. रेल्वेच्या आधाराने पार्ल्यासारखी उपनगरे वाढली. या नव्या वस्त्यांत शिक्षित मराठी कुटुंबे होती, पण पेठेतल्यासारखी जुनी, मुलांची एक व मुलींची एक, अशी शाळांची जोडी नव्हती. एका वस्तीला एक शाळा उभी करणेच कष्टाचे, तेथे दोन कोठून उभ्या राहणार? लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ मध्ये पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय निघाले. १९४० मध्ये दादरला शिवाजी पार्कनजीक दादासाहेब रेगे यांनी बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. दोन्ही संस्था खासगी, दोन्ही मराठी माध्यमाच्या, आणि दोन्ही मुलामुलींच्या एकत्र शाळा म्हणून नावारूपास आल्या. ज्या टिळकांनी मुलींच्या हायस्कुलाच्या अभ्यासक्रमास विरोध केला, त्यांच्याच नावाच्या शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने शिकल्या, यात इतिहासाची गंमत आहे. तथापि आगरकरांचे तत्त्व तेथे जाणीवपूर्वक स्वीकारले गेले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. वस्तीची गरज हे कारण तेवढेच, किंबहुना अधिक बलवान असले पाहिजे.

गरजेतून आलेल्या या एकत्रपणाचे स्वरूप स्वातंत्र्योत्तर आयोगांच्या विवेचनातही स्पष्ट उमटले आहे. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) मुलामुलींच्या शिक्षणात भेद करण्याचे कारण नाही, असे म्हटले. परंतु त्याचबरोबर मागणी असेल तेथे मुलींच्या स्वतंत्र शाळा काढाव्यात, मुलींसाठी गृहविज्ञानाची सोय असावी, आणि मिश्र शाळांवर विद्यार्थिनी व शिक्षिका यांच्या गरजांविषयी निश्चित अटी घालाव्यात, अशाही शिफारशी केल्या. याच आयोगाच्या एक सभासद हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली पुढे, १९६१ मध्ये, अभ्यासक्रमातील भेदाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. अभिरुची व कुवत या गोष्टी लिंगावर अवलंबून नसतात, म्हणून त्या आधारावर अभ्यासक्रम वेगळे करू नयेत, असा या समितीचा स्पष्ट अभिप्राय पडला, आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) तो मान्य केला. सहशिक्षणाविषयी मात्र समितीने प्राथमिक पातळीवर आग्रह धरला, व माध्यमिक पातळीवर संस्थाचालक आणि पालक यांस पूर्ण मोकळीक ठेवली.

प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा येथेच आहे. आगरकरांच्या दोन मागण्यांपैकी ‘एकच’ ही तत्त्वतः मान्य होऊन धोरणात आली. ‘एकत्र’ ही मात्र निवडीवर सोपविण्यात आली. म्हणून शहरातील पालक जेव्हा खासगी सहशिक्षण-शाळा निवडतो, तेव्हा तो एका अपुऱ्या राहिलेल्या वादात आपला कौल देत असतो.

हा कौल देण्याचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे आहे काय? याही बाबतीत इतिहास बोलका आहे. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व अन्-आशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज इतरांस प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलाच्या संदर्भातील हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो हुकूम घटनाबाह्य ठरला. माध्यमाच्या निवडीचा पालकाचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला. परंतु पुढे तो मार्ग ज्यांना शुल्क परवडते त्यांच्यासाठीच अधिकाधिक रुंद होत गेला. शुल्क विनियमनाचा अधिनियम (२०११) आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा अधिनियम (२०१२) हे एकापाठोपाठ एक यावेत, यातच परिस्थितीचे दुहेरी स्वरूप दिसते. १८८० मधला ‘खासगी’ शब्दाचा सार्वजनिक अर्थ मागे पडून त्याचा मूळचा, मालकीचा अर्थ पुन्हा वर येऊ लागला आहे, असे भाषेच्या अभ्यासकास वाटल्यावाचून राहत नाही.

क्रियापदांतही हा पालट नोंदला गेला आहे. वडील पिढी मुलाला शाळेत ‘घालीत’ असे. त्या वाक्याचा कर्ता पालक होता. आज मुलाला प्रवेश ‘मिळतो’. येथे पालक कर्तेपणावरून दूर झाला आहे आणि देणारी शाळा वाक्यात न येताही प्रबळ झाली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी देणगी घेण्यास व मुलांची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पाचवीपासून सुरू होणाऱ्या माध्यमिक शाळेस ही मनाई आठवीपर्यंत लागू पडते. पुष्कळ सुशिक्षित पालकांस हे ठाऊक नसते, अथवा ठाऊक असूनही ते मुलाखतीस मुकाट्याने बसतात.

आता व्यवहाराकडे वळू. ‘सह’ या उपपदात केवळ एके ठिकाणी असणे नव्हे, तर बरोबरीने काही करणे अभिप्रेत असते. सहभोजनात एकाच पंक्तीस बसून जेवणे येते. ‘मिश्र’ या शब्दात तशी अपेक्षा नाही. म्हणून एखादी शाळा मिश्र आहे की सहशिक्षणाची, हे तिच्या माहितीपत्रकावरून न ठरविता वर्गावरून ठरवावे. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या दोन शाळांचे उदाहरण पुरेसे आहे. पहिली नवी, भरपूर शुल्क घेणारी. तिच्या हजेरीपटावर आधी सर्व मुलांची नावे व त्यांखाली सर्व मुलींची. बाकांच्या रांगा वेगळ्या. प्रयोगशाळेत उपकरणे मुलांच्या हाती आणि नोंदवह्या मुलींच्या. दुसरी जुनी, अनुदानित, मराठी माध्यमाची. इमारत साधी, मुलींसाठीची स्वच्छतागृहे मात्र पुरेशी व नीट ठेवलेली. हजेरीपट आडनावांच्या वर्णानुक्रमाने एकच. विज्ञान व गणित शिकविणाऱ्यांत शिक्षिकाही होत्या. मुदलियार आयोगाने ज्या अटींची अपेक्षा केली होती, त्या पहिल्या शाळेपेक्षा दुसरीत अधिक प्रमाणात पुऱ्या होत होत्या, आणि आगरकरांचे ‘एकत्र’ही तेथेच अधिक खरे होते.

दोन शाळांवरून सामान्य नियम बांधता येणार नाही. जुन्या अनुदानित शाळांतही याच्या उलट चित्र दिसू शकेल. शिवाय मराठी माध्यमाच्या अनेक शाळांची पटसंख्या घटत असता, केवळ तुकडी टिकविण्यासाठी मुलामुलींचे वर्ग एकत्र केले जाण्याचा संभव आहे, आणि तसे झाल्यास गरजेतून आलेल्या एकत्रपणाचा इतिहास पुन्हा घडेल. अशा वेळी हजेरीपट, बाकांची मांडणी, प्रयोगशाळा, मैदानाचे वेळापत्रक व शिक्षिकांचे विषय या पाच गोष्टी पालकाने स्वतः पाहाव्यात. संशोधक विद्यार्थ्यांनीही शाळांची जुनी दप्तरे धुंडाळताना केवळ विद्यार्थिनींची संख्या टिपून थांबू नये. नावांचा क्रम कसा आहे, हेही पाहावे. संख्येवरून मुली शाळेत आल्या एवढेच कळते. त्यांना तेथे कोणते स्थान मिळाले, ते क्रमावरून कळू शकेल.

कन्येस आम्ही दुसऱ्या शाळेत घातले. तिचा हजेरीक्रमांक चौदा आहे. तेरावा एक मुलगा आहे व पंधरावाही.