वेग आणि दम : शिकारी कुत्र्यांच्या धावेची कुळकथा

वासाचा माग न काढता, डोळ्याने सावज हेरून त्याच्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांचे दोन ढंग आहेत. एक ढंग वेगाचा : थोडक्या अंतरात सारी ताकद ओतायची आणि सावज गाठायचे. दुसरा दमाचा : तितका कमाल वेग नसला तरी सावज थकेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. इंग्लंडचा ग्रेहाऊंड पहिल्या ढंगाचा आणि अरबस्तानातला सलुकी दुसऱ्या ढंगाचा नमुना मानला जातो. दोघांचाही बांधा लांब पायांचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा असला तरी धाव वेगळी आहे, कारण माणसाने त्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या वेगवेगळे काम करून घेतले.

या शिकारीचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आहे. ग्रीक ग्रंथकार झेनोफनने त्याच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी शिकारीवर पुस्तक लिहिले होते. पण त्यातले कुत्रे वासावर चालणारे आणि ससा जाळ्याकडे हाकणारे होते. रोमन राजवटीतला अधिकारी आणि इतिहासकार एरियन याने ही उणीव भरून काढली. केल्ट लोकांचे वेगवान कुत्रे झेनोफनला ठाऊकच नव्हते, असे सांगून त्याने त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ससा अगदी जवळ असताना कुत्रे सोडू नयेत आणि एका सशामागे दोनांपेक्षा जास्त सोडू नयेत, असे त्याने बजावले. खरा शौकीन ससा मारण्यासाठी नव्हे, तर कुत्र्यांची आणि सशाची चुरस पाहण्यासाठी जातो. ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, हेही त्याने नोंदवले. शिकारीची स्पर्धा होण्याचे बीज इथे आहे.

पश्चिम आशियातल्या वाळवंटात मात्र हा शौक नव्हता, पोटाचा प्रश्न होता. बदाऊनी टोळ्यांचा सलुकी हरणाच्या मागे सोडला जाई. उघड्या मैदानात लपायला झुडूप नाही आणि हरीण सुरुवातीच्या धावेत सहज पुढे निघून जाते. म्हणून कुत्र्याला लांब पल्ला टिकावा लागे. त्याची शक्ती आणि पंजे वाचावेत म्हणून सावज दिसेपर्यंत त्याला उंटावर किंवा घोड्यावर बसवून नेत. पुष्कळदा ससाणा हरणाच्या डोक्यावर झडपा घालून त्याचा वेग मोडी आणि तेवढ्यात कुत्रा त्याला गाठी. सलुकी ग्रेहाऊंडपेक्षा हलका असतो, स्नायू सडसडीत असतात आणि तापल्या वाळूवर, खडकाळ जमिनीवर टिकतील असे लांब बोटांचे पंजे त्याला लाभलेले आहेत.

इंग्लंडात या शिकारीला नियमांची चौकट मिळाली ती सोळाव्या शतकात, राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात. नॉरफोकच्या ड्यूकने घालून दिलेल्या नियमांत सशाला २४० यार्डांची आघाडी द्यावी, असे ठरले. पुढे १७७६ मध्ये लॉर्ड ऑरफर्डने स्वाफम येथे या शिकारीचा, म्हणजे कोर्सिंगचा, पहिला क्लब काढला. १८३६ मध्ये लिव्हरपूलजवळच्या आल्टकारच्या सपाट शेतांवर वॉटर्लू कप ही सर्वांत नावाजलेली स्पर्धा सुरू झाली. मास्टर मॅग्रा या आयरिश कुत्र्याने १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा तो जिंकला.

या स्पर्धेची रीत पाहिली की ग्रेहाऊंडचा स्वभाव उलगडतो. दोन कुत्र्यांच्या गळ्यांत एक लाल आणि एक पांढरा पट्टा. दोघेही एकाच दुहेरी दोरीत धरलेले. ससा उठून पुरेसा पुढे गेला की दोरी धरणारा माणूस दोघांना एकाच क्षणी मोकळे करी. घोड्यावरचा पंच मागोमाग जाई आणि शेवटी विजेत्याच्या पट्ट्याच्या रंगाचा रुमाल फडकावी. गुण कशाला? सशापर्यंत आधी पोहोचण्याला, प्रतिस्पर्ध्याला ओलांडून पुढे जाण्याला आणि सशाला काटकोनात वळायला भाग पाडण्याला. ससा मारल्याबद्दलही गुण होते; पण केवळ ससा मारला म्हणून सामना जिंकता येत नसे. कुंपणे आणि झुडपे जवळ असल्याने पाठलाग आटोपशीर राही. साहजिकच झटपट वेग घेणारी आणि सशाच्या हुलकावणीबरोबर वळणारी कुत्री जिंकत, आणि पैदाशीला तीच वापरली जात.

१९१९ मध्ये ओवेन पॅट्रिक स्मिथ याने कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशामागे धावण्याचा वर्तुळाकार ट्रॅक उभारला. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमध्ये तो खेळ आला. यंत्र हुलकावणी देत नाही आणि शर्यत अर्ध्या मिनिटात संपते. त्यामुळे वळण्यातले चातुर्य मागे पडले आणि निवड जवळजवळ निव्वळ वेगावर होऊ लागली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टार टायटल या ग्रेहाऊंडने ताशी सुमारे ६७ किलोमीटरचा वेग नोंदवला.

हा वेग येतो कुठून? पूर्ण भरात धावणारा कुत्रा प्रत्येक आवर्तनात दोनदा हवेत असतो : एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले आणि एकदा पुढे-मागे ताणलेले. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, त्यामुळे टाप लांबते. घोडा भरधाव धावताना आवर्तनात एकदाच हवेत असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेहाऊंड वळणावरही वेग कमी करत नाही असे आढळले. माणसाला मात्र वळणावर वेग कमी करावा लागतो. ग्रेहाऊंडची चालना मुख्यतः कमरेच्या आणि धडाच्या स्नायूंतून येते, हे त्याचे कारण मानले जाते.

दुहेरी झेपेची ही चाल सलुकीचीही आहे. फरक इंधनाचा आहे. ग्रेहाऊंडच्या मांड्यांत झपाट्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू भरपूर असतात. रक्तात लाल पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा बरेच जास्त, पुष्कळदा ५० ते ६५ टक्के असते आणि हृदयही शरीराच्या मानाने मोठे असते. पण अशा जोरदार धावेत स्नायू पुरेशा प्राणवायूअभावी ऊर्जा बनवतात, आम्ल साचते, शरीर तापते आणि कुत्रा लवकर थकतो. दमाच्या कुत्र्याला कमाल वेग थोडा सोडून द्यावा लागतो. त्याबदल्यात हलके वजन, उष्णता सोसण्याची ताकद आणि लांबवर टिकणारी लय त्याला मिळते.

स्नायू वाढवण्याला मर्यादा असते, याचा पुरावा व्हिपेट जातीने दिला. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांनी छोट्या सरळ शर्यतींसाठी ही जात वाढवली. मायोस्टॅटिन या जनुकातील बदलाची एकच प्रत असलेले व्हिपेट अधिक वेगवान ठरतात, पण दोन प्रती आल्यास कुत्रा बेसुमार मांसल होतो, असे २००७ मध्ये दिसून आले.

भारतात दोन्ही ढंग भेटतात. उत्तर प्रदेशात रामपूरच्या नवाब अहमद अली खान यांनी अफगाण ताझी आणि इंग्लिश ग्रेहाऊंड यांचा संकर करून रामपूर हाऊंड घडवला. एकाचा चिवटपणा आणि दुसऱ्याचा वेग एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. दख्खनमध्ये, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या माळरानांवर, कारवान हाऊंड वाढला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याला आश्रय दिला आणि राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, त्यावरून तो मुधोळ हाऊंड म्हणूनही ओळखला जातो. ऊन, खडक आणि लांब पल्ला सोसणारा हा कुत्रा सलुकीच्या ढंगाला जवळचा आहे. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २०१६ मध्ये भारतीय लष्कराने मेरठमध्ये त्याचे प्रशिक्षण सुरू केले.

जिवंत सशामागे कुत्रे सोडणे इंग्लंडमध्ये २००५ पासून बंद झाले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली. हे योग्यच झाले. मात्र धावेची कसोटी गेली की पैदास फक्त रूप पाहून होते, आणि जो गुण पारखला जात नाही तो काही पिढ्यांत क्षीण होतो. त्यावर उपाय आहे : १९७२ पासून अमेरिकेत दोरीवर ओढलेल्या प्लास्टिकच्या चिंध्यांमागे, वळणावळणाच्या मार्गावर या कुत्र्यांच्या स्पर्धा घेतल्या जातात आणि त्यात प्राणी मारला जात नाही. कारवान हाऊंडची पैदास करणाऱ्यांनीही अशी, पण लांब पल्ल्याची चाचणी स्वीकारायला हवी. दख्खनच्या माळाने घडवलेला दम पुढच्या पिढीत उतरला की नाही, हे कुत्रा लांब पल्ल्यावर धावल्याशिवाय कळणार नाही.