राजाश्रयाकडून तिकिटाकडे : संगीत नाटकाच्या रसिकांचा इतिहास

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, हे सांगलीत शाळा शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, एवढे उत्तर लिहिले की आपल्याला पूर्ण गुण मिळत. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले की त्याच उत्तराच्या पुढचे लिहावे. नाटक कोणी लिहिले, कोणी गाजवले, हे पुस्तकांत सापडते. ते पाहायला कोण जात होते आणि त्याचे पैसे कोण देत होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मी सॉफ्टवेअरमधली माणूस, इतिहासाची अभ्यासक नाही. पण संगीत नाटकांची वारी गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे, म्हणून हा प्रपंच.

'सीतास्वयंवर'चा पहिला प्रेक्षक होता राजा. कर्नाटकातून आलेले भागवत मेळ्याचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसेच काहीतरी मराठीत करायला सांगितले. खर्च संस्थानचा, प्रेक्षक निमंत्रित. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि हा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. माझ्या मते ही घटना १८४३ इतकीच महत्त्वाची आहे. दरबारातला पाहुणा जाऊन पदरचे पैसे मोजणारा माणूस नाटकासमोर बसला, तो तेव्हा. त्यानंतर मराठी नाटकाचा राजा तोच.

हा नवा राजा गाण्याचा भुकेला होता. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यावर अभिनय करीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणले, तेव्हा पात्रे स्वतःच गाऊ लागली. चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी पदांच्या, म्हणजे लोकांच्या कानावरून गेलेल्या. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. नाटक पाहून घरी जाणाऱ्याच्या तोंडात आता पद असे, आणि नाटकाच्या पदांची छोटी पुस्तके विकत मिळत. एका रात्रीचा खेळ असा महिनोन्‌महिने घरात राहू लागला.

पुढचे दोन मोठे नाटककार तर आपल्या अंगणातले. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. आपण सहलीला संगमावर जात असू, ते हरिपूर. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. १८९९ च्या 'शारदे'त म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची व्यथा होती आणि ती ऐकायला बायकाही येत होत्या. त्यांना बसायला जागा वेगळी, घरून परवानगी मिळणे अवघड, तरी येत होत्या.

'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत. त्या शब्दाची किंमत अशी मोजली जात होती. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'ला आणि भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवर'ला ज्या चाली दिल्या, त्यांतून ठुमरी, कजरी आणि रागदारी मराठी मध्यमवर्गाच्या माजघरात शिरली. जिला गाणे शिकायला बाहेर पाठवण्याची घरात सोय नव्हती, ती बाई भीमपलास गुणगुणू लागली, नाव माहीत नसले तरी! बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, अंबाडा, नथ यांची घरोघर नक्कल होई. पुरुषाने साकारलेली बाई पाहून बायकांनी आपली फॅशन ठरवावी, ही गंमत जगात फार ठिकाणी घडली नसेल.

या प्रेमाला दुसरी बाजूही होती. 'वन्स मोअर'ची आरोळी आली की पद पुन्हा, नव्या ताना घेऊन. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. खेड्यांतून बैलगाडीने आलेल्यांना ते सोयीचेच होते, कारण परतीला उजेड मिळे. पण कथानक थांबे आणि नट दमे. प्रेक्षकांना खरे शालू, खरा थाट दाखवायचा या हौसेपायी गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा'. कमी पैशांत, कमी वेळात गाणी ऐकू येऊ लागली, तेव्हा जागरण करणारा रसिक बोलपटाकडे वळला. मायबापांनीच घर बदलले म्हणायचे.

तरी गाणे गेले नाही. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर पाव-पाव तास फुलणारे पद तेवढ्यात बसवावे लागे. आमच्या भाषेत सांगायचे तर फाइल कॉम्प्रेस केली! पण त्या तीन मिनिटांमुळेच नाट्यगृह नसलेल्या गावात नाट्यपद पोचले. पुढे हे काम रेडिओने केले. आपल्या पिढीत कितीजणांनी प्रत्यक्ष संगीत नाटक पाहण्याआधीच त्यातली पदे आकाशवाणी सांगलीवर ऐकली असतील!

स्त्रीपार्टी नटांच्या जागी बायका आल्या, तोही बदल याच काळातला. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर १९३० च्या आसपास भावंडांसह नाटकात उतरल्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे होत्या आणि १९४२ मध्ये त्यांची 'कुलवधू' गाजली. वेगळ्या जागी बसून ऐकणाऱ्या बायकांचा आवाज रंगमंचावर यायला 'शाकुंतल'पासून पन्नास वर्षे लागली.

१९६० नंतर संगीत नाटक पुन्हा उभे राहिले: 'पंडितराज जगन्नाथ', 'मत्स्यगंधा', आणि १९६७ मध्ये वसंतराव देशपांड्यांचे 'कट्यार काळजात घुसली'. रसिक आता नोकरदार होता. त्याला घरी परतायचे होते, सकाळी ऑफिस गाठायचे होते. म्हणून पदे मोजकी झाली, प्रयोग तीन-साडेतीन तासांवर आले. जितेंद्र अभिषेकींच्या चाली या घड्याळात नेमक्या बसल्या.

त्या नोकरदार रसिकाची मी वारसदार. पुण्यात ऑफिसातल्या आम्ही पाचजणी जमेल तेव्हा शनिवारचा प्रयोग गाठतो. तिकीट फोनवरून, सोबत सोमवारच्या रिलीजची धाकधूक, मध्यंतरात बालगंधर्व रंगमंदिराचा बटाटावडा, आणि परतताना गाडीत पदांची यथाशक्ती मोडतोड. 'संगीत देवबाभळी' मी चारदा पाहिले. आवली आणि लखुबाई, दोनच बायका, त्याच बोलतात आणि त्याच गातात. २०१७ मध्ये आलेले हे नाटक नोव्हेंबर २०२३ मध्ये ५०० व्या प्रयोगाला ठरवून थांबवले, तेही लोकप्रिय असताना. 'हे आता कोण पाहतो' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण एका नाटकाने निर्धास्त होता येत नाही. संगीत नाटकाला गाणारे नट लागतात, ऑर्गन आणि तबल्याची साथ लागते, तालमी जास्त लागतात. म्हणून साध्या नाटकापेक्षा खर्च अधिक आणि प्रयोग कमी. प्रयोग कमी म्हणून गाणाऱ्या मुलामुलींना त्यावर पोट भरता येत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू पुन्हा उभी करता येते, त्यासाठी सरकार आहे. तिथल्या खुर्च्या भरायला मात्र कुठलेही सरकार येणार नाही. चिंतामणराव गेल्यावर १८५३ मध्ये जी जबाबदारी तिकिटावर आली, ती अजून तिथेच आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव. येत्या नोव्हेंबरात आपल्या बॅचने सांगलीत जमावे, भावे नाट्यमंदिरात किंवा जवळपास जिथे संगीत नाटक असेल तिथे एकत्र जावे. पास नकोत, तिकीट काढून जाऊ. प्रत्येकाने घरातले एक तरुण माणूस बरोबर आणायचे. आपल्या गुरुजनांची तिकिटे बॅचतर्फे. तारीख ठरवायला आणि पैसे गोळा करायला मी तयार आहे. येणाऱ्यांनी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता अंगठा दाखवू नये, किती खुर्च्या ते लिहावे.