कोरियन कांतीची कुळकथा



अलीकडे शहरांतील कित्येक घरांत आरशापाशीं एक नवें दुकानच मांडलेलें दिसतें. गोगलगाईचा स्राव, तांदुळाचें पाणी, जिन्सेंगचा अर्क, उन्हापासून रक्षण करणारें मलम, अशा नाना वस्तूंच्या बाटल्या व नळ्या तेथें असतात, आणि त्यांवर नांव असतें कोरियाचें. सन २०२४ मध्यें दक्षिण कोरियानें एक हजार कोटी डॉलरांहून अधिक किंमतीचीं प्रसाधनें परदेशीं धाडलीं. त्याच वर्षीं अमेरिकेच्या प्रसाधन-आयातींत त्यानें फ्रान्सला, म्हणजे या व्यापाराच्या प्रत्यक्ष माहेरघराला, मागें टाकलें. जाहिरातदार याचें कारण एका वाक्यांत सांगतात : हें त्या देशाचें प्राचीन रहस्य आहे! आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेल्या माणसाला या वाक्याची थोडी झडती घ्यावीशी वाटली, तर श्रोते नवल मानणार नाहींत.

प्रथम प्राचीनत्वाचाच विचार करूं. प्रसाधनाची आवड कोरियाला जुनी आहे, यांत शंका नाहीं. सन ११२३ मध्यें शू चिंग नांवाचा चिनी वकील कोर्यो दरबारीं गेला होता. तेथील स्त्रिया तोंडाला पूड लावितात, पण लाली लावीत नाहींत, अशी नोंद त्यानें करून ठेविली आहे. पुढें चोसोन राजवटींत, १८०९ मध्यें, बिंगहोगाक यी या विदुषीनें गृहिणींसाठीं एक ज्ञानकोशच रचिला; त्यांत अन्नवस्त्रांबरोबर शृंगाराचाही विचार आहे. मुगाच्या पिठानें तोंड धुण्याची चाल तेथें होती, हें ऐकून आपल्या आजीच्या डाळीच्या पिठाची आठवण कोणासही होईल.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. राजा योंगजो याची कन्या ह्वाह्योप ही १७५२ मध्यें, विशीच्या आंतच, वारली. सोलजवळच्या नामयांगजू येथील तिच्या थडग्याचें २०१५ ते २०१७ या काळांत उत्खनन झालें, तेव्हां चिनी मातीच्या बारा चिमुकल्या डब्या हातीं आल्या. त्यांतील पदार्थांचें पृथक्करण केलें असतां पांढऱ्या चूर्णांत शिशाचा सफेता व शंखजिरें, आणि तांबड्यांत पाऱ्याचा हिंगूळ आढळला. राजकन्येच्या शृंगारपेटींत शिसें आणि पारा! त्या काळीं युरोपांतील उमरावांच्या स्त्रियाही शिशाचा सफेता तोंडाला फांसत, हें खरें. पण जुनें तें सारें निर्दोष, ही समजूत मात्र या बारा डब्यांपुढें टिकत नाहीं.

हाच धडा विसाव्या शतकांत पुन्हां गिरवावा लागला. कोरिया तेव्हां जपानच्या ताब्यांत होता. सोल येथील कापडाचे व्यापारी पार्क सुंग-जिक यांच्या दुकानांतून १९१६ पासून ‘पाकगाबुन’, म्हणजे पार्क यांचें चूर्ण, मिळूं लागलें. आरंभीं तें कापडाच्या गिऱ्हाइकांस भेट म्हणून दिलें जाई. पुढें त्याचा खप अफाट वाढला. पूड चेहऱ्यास चिकटून राहावी म्हणून तींत शिसें घालीत. बायकांच्या कातडीला अपाय होऊं लागल्याची ओरड झाली, विश्वास उडाला आणि १९३७ मध्यें तो धंदा बंद पडला.

आजच्या कीर्तीचें मूळ या अपयशानंतरच्या काळांत आहे. केसाँग शहरांत युन डोक-जंग ही स्त्री १९३० नंतरच्या दशकांत कॅमेलियाच्या बियांचें तेल विकीत असे. तिचा मुलगा सो सुंग-ह्वान यानें १९४५ मध्यें, देश मुक्त झाला त्याच वर्षीं, स्वतःची कंपनी काढली. तीच आजची आमोरेपॅसिफिक. कोरियांतील युद्ध १९५३ मध्यें थांबलें, तेव्हां देश बेचिराख झालेला होता. आणि दुसऱ्याच वर्षीं या कंपनीनें प्रसाधनांसाठीं संशोधनशाळा उघडली! पुढें १९६१ मध्यें सरकारनें ठराविक परदेशी मालाच्या विक्रीस कायद्यानें बंदी केली, त्यामुळें देशी कारखान्यांना पाय रोवण्यास अवसर मिळाला. १९६४ पासून या कंपनीच्या विक्रेत्या घरोघर फिरूं लागल्या. त्यांत युद्धानें विधवा केलेल्या अनेक स्त्रिया होत्या. क्रीमच्या डबीवर त्यांच्या घरची चूल पेटत होती.

तिसरी पायरी कारखान्यांची. कोल्मार कोरिया (१९९०) व कॉसमॅक्स (१९९२) या कंपन्या दुसऱ्यांच्या नांवानें माल तयार करून देऊं लागल्या. त्यामुळें ज्याच्यापाशीं कल्पना आहे, पण भांडवल नाहीं, अशा तरुणासही बाजारांत उतरतां आलें. २००० मध्यें निघालेल्या मिशा कंपनीनें तर ३,३०० वॉन इतक्या स्वस्त दरानें माल विकून दाखविला. २००८ मध्यें ओल्या स्पंजांत द्रव भरलेली ‘कुशन’ डबी निघाली. तिची कल्पना मोटार-तळावर मारावयाच्या शिक्क्याच्या गादीवरून सुचली. २०१७ मध्यें चीनशीं बेबनाव झाला, तेव्हां इतर देशांच्या बाजारपेठांकडे अधिक लक्ष देणें भाग पडलें.

सध्यांचा ओघ काय सांगतो? चेहरा रंगविण्यापेक्षां कातडी काचेसारखी नितळ राखावी, हा या पंथाचा मंत्र. दहा पायऱ्यांचा विधि मागें पडून थोडक्या वस्तूंवर भागविण्याकडे कल आहे. हलक्या, पांढरा थर न उठविणाऱ्या सनस्क्रीनला मोठी मागणी आहे. सामन माशापासून काढलेल्या द्रव्याचा बोलबाला आहे. आणि ‘सिका’ म्हणून जी वनस्पति गाजते, ती आपल्या आयुर्वेदांतील मंडूकपर्णीच होय.

मात्र या कांतीची किंमत केवळ पैशांत मोजून चालणार नाहीं. नितळ चेहरा ही आवड न राहतां अट झाली, कीं तिचा भार प्रथम मुलींवर पडतो. २०१८ च्या सुमारास खुद्द कोरियांतच अनेक तरुणींनीं आपलीं प्रसाधनें मोडून टाकलीं, केंस आंखूड कापले आणि हा भार वाहण्याचें नाकारलें. जगाला जें हवेंसें वाटत होतें, तें ज्यांना रोज सोसावें लागे त्यांनीं केलेला हा निषेध होता.

तात्पर्य, कोरियाचें यश हें प्राचीन रहस्य नव्हे. शिशाच्या चूर्णानें गमावलेला विश्वास प्रयोगशाळा, काटकसर आणि कष्ट यांनीं पुन्हां मिळविल्याचा तो इतिहास आहे. पारा मिसळलेलीं गोरेपणाचीं मलमें आजही, आपल्या देशांतसुद्धां, बाजारांत सांपडतात. म्हणून घरांतील मुलीनें नवी डबी आणली, तर ती किती जुन्या परंपरेची आहे हें विचारूं नये. तींत काय आहे आणि तें कोणी तपासलें आहे, हें विचारावें. आणि त्याबरोबरच, ही डबी नसली तरी तुझ्या चेहऱ्यांत कांहीं उणें नाहीं, हेंही तिला सांगण्यास विसरूं नये.