मर्जी आणि कायदा

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की चकलीबरोबर सरकारचीही खमंग टीका होते. त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना हे बोलणे फुकट मिळालेले नाही.

निजामाच्या राज्यात १९२९ साली ‘गश्ती निशान ५३’ निघाली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा तिचा हुकूम. वरवर पाहता सभेला बंदी नव्हतीच! फक्त परवानगी मागायची होती. मात्र ती द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. जिथे मर्जी हाच कायदा, तिथे माणूस तोंड उघडण्यापूर्वीच गप्प होतो. अशा काळातही महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने १९३८ साली लातुरास आणि १९४१ साली नांदेड जिल्ह्यातील उमरीस भरली. स्टेट काँग्रेसवर तर १९३८ साली जन्मण्याआधीच बंदी आली. ती उठायला १९४६ साल उजाडले. ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, निजामी राजवट संपली.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना आली. तिच्या १९ व्या कलमाने नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले. ते बेलगाम नाही. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी अशी आज एकूण आठ कारणे तिथे मोजून दिलेली आहेत. त्यांपैकी एखाद्यासाठीच बंधन घालता येते, आणि तेही वाजवी असावे लागते. ‘वाजवी’ हा शब्द १९५१ च्या दुरुस्तीने आला. सरकारला लगाम हवा, तसा लगाम धरणाऱ्या हातालाही हवा, एवढाच याचा अर्थ.

पुढे चावडीवरचे बोलणे मोबाइलवर आले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ घातले गेले. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून खोटा मजकूर पाठवला, अथवा घोर आक्षेपार्ह काही लिहिले, तर तीन वर्षांपर्यंत कैद! आता आक्षेपार्ह म्हणजे काय? वर्गात मला गैरसोयीचे प्रश्न रोज विचारले जातात; त्यासाठी मुलांना तुरुंगात धाडायचे म्हटले, तर शाळा ओस पडेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या पसंत केल्या होत्या. श्रेया सिंघल ही विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. चर्चा करणे वेगळे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे. चिथावणीपर्यंत गोष्ट गेली तरच कायद्याने हात घालावा, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले.

कलम गेले, पण मर्जी गेली नाही. त्या मेलेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले जातच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

तेव्हा वाचकहो, हक्क पुस्तकात छापून भागत नाही; तो घराघरांत ठाऊक असावा लागतो. यंदा फराळाच्या ताटाभोवती मुलांना गश्ती निशान ५३ ची गोष्ट अवश्य सांगा. त्यांच्या हाती मोबाइल आहे. त्यांना ती आपल्याहून लवकर समजेल.