गोळी कुठं थांबते

आमच्या ओसरीच्या भिंतीत अजून दोन लाकडी खुंट्या आहेत. आता तिथं छत्री आणि बैलाचा कासरा टांगलेला असतो. माझ्या लहानपणी त्या खुंट्यांवर आबांची बंदूक असायची. घरी आलेला पाहुणा आधी बंदुकीकडं बघायचा आणि मग आबांकडं. आबांना ते आवडायचं नाही. "ती काय शोभेची हाय व्हय? इळा-खुरप्यावानी ती बी कामाचीच हाय," असं म्हणून ते विषय मोडायचे.

आमचं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. तेव्हा जिल्हा औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. अंधार पडला की डोंगरातून रानडुकरं खाली उतरायची. भुईमुगात एक कळप शिरला, की सकाळी नांगर फिरवल्यासारखं रान उलथलेलं दिसायचं. माळावर हरणं आणि रोही. धनगराच्या वाड्यावर लांडगा यायचा, खुराड्यापाशी कोल्हा. पीक दाण्यात आलं, की गावातली निम्मी माणसं जागलीला रानात. माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळ्या द्यायच्या. बंदूक सगळ्यात शेवटी, आणि तीही गावात एक-दोघांकडंच.

शिकारीचा इतिहास आपल्याकडं साहेबांचा आणि सरदारांचा. जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला अधिकारी 1819 सालच्या एप्रिलात वाघामागं निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हे पुस्तकात येतं. त्याच डोंगररांगेच्या कडेला भुईमूग राखणाऱ्या माणसाच्या हातात काय होतं आणि ते त्यानं कसं निवडलं, हे मात्र घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.

आबांची पहिली बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग शिशाचे छर्रे, पुन्हा बोळा. गज नळीबाहेर किती बोटं उरला, त्यावरून बार किती भरला ते समजायचं. दारू जास्त झाली तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जायचा. शेवटी कानावर केप बसवायची. एवढं करून पावसाची भुरभुर असली, की चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज. बार झालाच तर असा धूर, की डुक्कर पडलं का पळालं ते धूर विरल्यावर कळणार. वीस-पंचवीस पावलांपुढं तिचा भरवसा नाही. अन् दुसरा बार भरेपर्यंत कळप बांधापलीकडं.

मग ठासणीच का? एक तर ती परवडायची. दुसरं कारण कायद्याचं. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, 1956 ला मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. त्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात पीक राखणीसाठी हत्यार कुठलं, तर ठासणीची बंदूक, असं सरळ लिहिलं आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी परवाना मागितला, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. रायफलीची गोष्ट निराळी. तिच्या नळीच्या आत पिळाचे आटे असतात. त्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ आणि लांब जाते. त्यातही .303 ही फौजेची, ती सामान्य माणसाला नाही. म्हणून नागरिकांसाठी .315 ची चाल पडली. ते काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या फौजेतलं, आठ मिलिमीटरचं. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्यासाठी रायफली होऊ लागल्या.

तशी एक रायफल आमच्या आत्याच्या मालकांकडं होती. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. 1969 च्या कार्तिकात ते आमच्याकडं आले ते रायफल घेऊनच. मी दहा वर्षांचा. तिची ती चकचकीत बोल्टची मूठ आणि बोटभर लांब पितळी काडतूस बघून मला ठासणीची लाजच वाटली. मामा म्हणाले, "आबा, हे फेका आता विहिरीत. दोनशे पावलांवरचं डुक्कर पाडून दावतो." आबा म्हणाले, "पाडाल हो. पर त्येच्या म्हागं काय हाय, ते बी दावा." मामा नुसते हसले.

चांदण्याची रात्र होती. काढलेल्या भुईमुगाच्या ढिगाला डुकरं लागली. मामा माळ्यावर न चढता बांधाला गुडघा टेकून बसले. आवाज झाला तो ठासणीसारखा 'धड्डाम' नव्हता, कानात सुई घुसावी तसा होता. डुक्कर ओरडून पळालं. सगळ्यांना वाटलं, लागलं नाही. दहा मिनिटांनी पलीकडच्या खळ्यावरून माणसांचा गलका ऐकू आला.

ते खळं सहाशे पावलांवर. तिथं बांधलेला बैल खाली बसला होता आणि मान टाकत होता. गोळी डुकराच्या पाठीला चाटून, सपाट रानावरून तशीच पुढं गेली होती. बैलापासून चार हातांवर त्यांचा थोरला पोरगा वाकळ पांघरून झोपलेला. त्या रात्री कुणी कुणाला शिवी दिली नाही, ते मला अजून आठवतं. शिवी देण्याइतकंही बळ कुणात नव्हतं. पहाटे आबांनी आमच्या दावणीचा उजव्या अंगाचा बैल सोडला आणि त्यांच्या दारात नेऊन बांधला. पोलिसपाटलापर्यंत गोष्ट गेली, पण पंचांत मिटली. त्या रब्बीची पेरणी आम्ही उसन्या बैलावर केली.

रायफल वाईट असते, असा याचा अर्थ आबांनी काढला नाही. मोजमाप मात्र काढलं. .315 ची गोळी मोकळ्यावर दोन किलोमीटरच्याही पुढं जीव घेऊ शकते. साध्या .22 च्या काडतुसाच्या डब्यावरसुद्धा दीड मैलाचा इशारा असतो. अमेरिकेत कोल्ह्या-कायोटींच्या मागं जाणारे शिकारी हलकी आणि फार वेगवान गोळी निवडतात. जमिनीला लागताच ती फुटावी, टप्पा घेऊन पुढं जाऊ नये, हा त्यातला एक हेतू. तिथं मैलोन् मैल एक घर नसतं, तरी ही काळजी. आमच्याकडं तर दर दोन शेतांआड माळ्यावर माणूस.

1971 ला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवाना करून जुनी एकनळी बाराबोर घेतली. बाराबोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक बसेल एवढी नळी. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर 'केएफ' असा छाप. त्यांचेही प्रकार. एलजीत सहा मोठ्या गोळ्या, एसजीत त्याहून लहान आणि थोड्या जास्त, चार नंबरात बारीक छर्रे भरपूर. दुकानदार म्हणाला, डुकराला एलजी न्या. पण आबांनी आधी परीक्षा घेतली. पांढरीच्या मातीच्या ढिगाला जुनं धोतर ताणून लावलं. वीस, तीस आणि चाळीस पावलांवरून एकेक बार काढला. वीसवर सगळ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत. तिसावर सुपाएवढ्या. चाळिसावर धोतरात दोनच भोकं, बाकी मातीत कुठं गेल्या पत्ता नाही. आबांनी गोठ्याच्या खांबावर कोळशानं रेघ ओढली: डुकराला एलजी, पंचवीस पावलं, कोल्ह्याला चार नंबर, तीस पावलं. त्यापुढं बार काढायचा नाही, डबा वाजवायचा. आणि बार नेहमी माळ्यावरून, खाली जमिनीकडं. चुकला तरी गोळी आपल्याच मातीत राहावी.

कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगायची आणि नळीत शिरायची नाहीत. म्हणून आजी ती डब्यात घालून ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. बाराबोर घरात आल्यावर एवढीच एक नवी कामगिरी तिच्या वाट्याला आली.

बाराबोरला धड वर्षही झालं नाही, तोच 1972 उजाडलं. आमच्याकडं ते साल दुष्काळाचं. त्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढं 1986 ला गौताळा अभयारण्य झालं आणि 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेच संपले. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरालाही अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय मारता येत नाही. बंदूक खुंटीवर गेली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, मुदत संपली की नूतनीकरणाला खेटे घालायचे. अण्णा गेल्यावर मी ती ठाण्यात जमा केली. माझ्या नावावर परवाना काढला नाही.

डुकरं मात्र वाढली. भुईमूग गेला, मका आला, आणि मक्याचा फड त्यांना घरच झाला. माझा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणतो, "पप्पा, रायफलीचं लायसन काढू." त्याचा राग मला समजतो. रात्रीत एकरभर मका आडवा झालेला मीही पाहिलाय. भरपाईचा पंचनामा होतो, पण पंचनाम्यानं रान उभं राहत नाही.

मागच्या वर्षी शेजाऱ्यानं बांधावर विजेची उघडी तार सोडली. मी संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि त्या बैलाची गोष्ट सांगितली. त्याच्या घरचीच होती ती. वाकळ पांघरून झोपलेला पोरगा म्हणजे त्याचा बाप. त्यानं ती कधी ऐकली नव्हती. बराच वेळ तो काही बोलला नाही. सकाळी त्यानं तार काढली.

चौथ्या रात्री डुकरं आली. त्याच्या मक्याचे सहा तास गेले, माझे तीन. पंचनाम्याचा अर्ज द्यायला आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर कन्नडला गेलो. आल्यावर माळा नव्यानं बांधायला घेतला, दोन्ही शेतांच्या मधोमध. आता एक रात्र तो बसतो, एक रात्र मी. जवळ बॅटरी आणि पत्र्याचा डबा.