दूधवाल्याच्या लेकाने चितारलेला इतिहास

१९२८ सालची लंडनमधील एक सकाळ. एका श्रीमंताच्या घरी कामाला असलेली एथेल नावाची तरुणी खिडकीतून पिवळे फडके झटकीत होती. खालून सायकलवरून चाललेल्या अर्नेस्टला वाटले, ही आपल्यालाच हात करते आहे. त्यानेही हसून हात हलविला. या गोड गैरसमजातून ओळख झाली, १९३० साली विवाह झाला आणि १८ जानेवारी १९३४ रोजी या दांपत्याच्या पोटी एकुलता एक मुलगा जन्मास आला. तोच पुढे लेखक-चित्रकार म्हणून नावारूपास आलेला रेमंड ब्रिग्ज होय.

इतिहासकार दप्तरखान्यात शिरतो. ब्रिग्ज यांनी आपल्या आईवडिलांचे घर हाच दप्तरखाना मानला. अर्नेस्ट घरोघरी दुधाचा रतीब घालीत असे. पहाटेच्या काळोखात, धुक्यात आणि थंडीत त्याची फेरी सुरू होई. महायुद्धाच्या काळात लहानग्या रेमंडला डॉर्सेट परगण्यात मावशांकडे पाठविण्यात आले आणि बाप अग्निशमन दलात राहून जळते लंडन विझवीत राहिला. पंधराव्या वर्षी रेमंडने विंबल्डनच्या कलाशाळेची वाट धरली. आपल्याला व्यंगचित्रकार व्हायचे आहे, असे त्याने प्रवेशाच्या वेळी सांगताच तेथील शिक्षकांना धक्काच बसला. ज्या कलेला तेव्हा कोणी कला म्हणत नव्हते, तिच्यातच या मुलाने पुढे मानाचे स्थान मिळविले.

१९६६ साली बालगीतांच्या एका भव्य संग्रहातील चित्रांसाठी त्यांना ब्रिटनमधील प्रतिष्ठेचे केट ग्रीनअवे पदक मिळाले. मात्र वैयक्तिक जीवनात दुःखाचे दिवस पुढे उभे होते. १९७१ साली आई आणि वडील दोघेही निवर्तले. १९७३ साली पत्नी जीन हिचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे ‘फादर ख्रिसमस’ हे चित्रपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यास दुसऱ्यांदा तेच पदक लाभले. या पुस्तकातील नाताळबाबा वलयांकित संत नाही. थंडीच्या नावाने कुरकुरणारा, चिमण्यांतून चढउतार करून दमणारा, परंतु एकही घर न चुकविणारा तो कष्टकरी म्हातारा आहे. वाटेत त्याला एक दूधवालाही भेटतो. पहाटेच्या अंधारात दारोदारी जाणारी ही माणसे लेखकाने कोठे पाहिली होती, हे सांगायला नको. १९७८ साली आलेल्या ‘द स्नोमॅन’मध्ये तर एकही शब्द नाही. एक मुलगा हिमाचा माणूस घडवितो, त्याच्याशी मैत्री जोडतो आणि सकाळी उठून पाहतो तो मित्र वितळून गेलेला असतो. मुलांपासून मृत्यू लपवू नये, असे ब्रिग्ज यांच्या चित्रांनी न बोलता सांगितले.

यानंतरचे त्यांचे महत्त्वाचे पुस्तक समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. डिसेंबर १९७९ मध्ये पश्चिम युरोपात नवी अमेरिकन अण्वस्त्रे ठेवण्याचा निर्णय नाटो संघटनेने घेतला. १९८० साली ब्रिटिश सरकारने ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका विक्रीस ठेवली. घराची दारे काढून भिंतीला तिरकी टेकवावीत, त्यांखाली आसरा घ्यावा, चौदा दिवसांचे अन्नपाणी साठवावे, अशा सूचना तीत होत्या. १९८२ साली ब्रिग्ज यांनी ‘व्हेन द विंड ब्लोज’ या चित्रकादंबरीतून या सूचना जिम आणि हिल्डा या वृद्ध जोडप्याच्या हाती दिल्या. जिम त्या मुकाट्याने पाळतो. दारांचा कोन बरोबर साधावा म्हणून तो किती धडपडतो! हिल्डाला पडदे आणि गाद्यागिरद्यांची काळजी. मागच्या युद्धातून सरकारने आपल्याला तारून नेले, तसेच याही खेपेस नेईल, ही त्यांची श्रद्धा. लहान लहान चौकटींतील त्यांच्या गप्पांमध्ये अचानक दोन पानभर काळोखे क्षेपणास्त्र उभे राहते. स्फोटानंतर पानागणिक रंग फिके पडत जातात. अखेरीस ती दोघे त्या दारांखाली प्रार्थना करू लागतात. जिमला नीटसे शब्द आठवत नाहीत. तेविसावे स्तोत्र आणि शाळेत पाठ केलेली युद्धकविता एकमेकांत मिसळून जातात. वाचकाला हसू येते आणि लगेच स्वतःच्या हसण्याची लाज वाटते. आज्ञाधारकपणा हा या म्हाताऱ्यांचा दोष नव्हता, तो त्यांचा सद्गुण होता. त्या सद्गुणाशी कोणी कसा व्यवहार केला, हा ब्रिग्ज यांचा प्रश्न आहे.

जिम आणि हिल्डा या नावांआड जे चेहरे होते, ते १९९८ साली ‘एथेल अँड अर्नेस्ट’मध्ये स्वतःच्या नावानिशी प्रकट झाले. ८२५ पौंडांना घेतलेले घर, बॉम्बवर्षाव, मजूर पक्षाच्या विजयाने हरखलेला अर्नेस्ट आणि त्याच्याशी हुज्जत घालणारी एथेल, घरात आलेला टेलिफोन, दूरदर्शनवर पाहिलेली चंद्रावरची पावले! चाळीस वर्षांचा इंग्लंडचा इतिहास त्या स्वयंपाकघरातून जातो. शेवटही लेखकाने सजविलेला नाही. इस्पितळातील ढकलगाडीवर आईचे कलेवर आणि जवळच भांडी घासायच्या पावडरीचा डबा. जन्मभर घर लखलखीत ठेवणाऱ्या बाईची ही अखेर त्यांनी जशी पाहिली तशी रेखाटली. पुस्तकाच्या शेवटी मात्र एक डेरेदार नासपतीचे झाड उभे आहे. लहानपणी रेमंडने रुजविलेल्या बीचे ते झाड.

९ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी ब्रिग्ज यांचे निधन झाले. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी याच तारखेला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला होता आणि उराकामीची कॅथलिक वस्ती आपल्या मंदिरासह भस्मसात झाली होती. तेथेही कोणी जिम आणि कोणी हिल्डा होती. त्यांची चित्रे काढणारा मुलगा मागे राहिला असेलच असे नाही.

आपल्याही घरी असे आईवडील आहेत. त्यांनी घर कितीला बांधले, पहिला रेडिओ केव्हा आणला, कोणत्या बातमीने त्यांची झोप उडाली, हे आपण कधी विचारले आहे काय? ब्रिग्ज यांनी ते सारे लिहून काढले, तेव्हा आईवडिलांना जाऊन सत्तावीस वर्षे लोटली होती. आपल्यापैकी काहींना अजून ते समोरासमोर विचारता येईल.